पोटच्या पोराचं पोर्ट्रेट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या लेकीचं पहिलं तैलचित्र मी ती सहा वर्षांची असताना केलं. दोन महिने त्यावर खपले. रंग सुकायच्या आतच तिला इझलसमोर उभं केलं. तिनं मान वाकडी करून जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही आजी आहे का?"

राग आला, पण पोरीचं बरोबर होतं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मी दोन्हीकडे रेघ ओढली होती. डोळ्यांखाली तपकिरी सावली भरली होती. दात एकेक मोजून काढले होते. साठीच्या माणसाला शोभेल अशी सगळी मेहनत मी सहा वर्षांच्या चेहऱ्यावर केली होती. आणि डोळे चांगले दीडपट मोठे, कारण मला तिचे डोळे फार आवडतात.

परक्याचं चित्र काढताना आपण समोर बघतो. स्वतःच्या मुलाचं काढताना बघायची गरजच वाटत नाही, चेहरा पाठ असतो ना! फसतं ते इथेच. खाली जे सांगितलंय ते बहुतेक याच अडचणीतून वाट काढण्याबद्दल आहे. तैलरंग थोडेफार हाताळलेत, पण व्यक्तिचित्र कधी केलेलं नाही, अशा आई-बापांना धरून लिहिते आहे. ॲक्रिलिक किंवा पेस्टल वापरणार असाल तर तेलाचं आणि सुकण्याचं तेवढं सोडून द्या, बाकीचं चालेल.

आधी आठवडाभर नुसतं बघा

ब्रश उचलायची घाई नको. एक छोटी वही आणि ४बी पेन्सिल हाताशी ठेवा. मूल कशात रमलं की आपोआप स्थिर होतं ते टिपा. कुणी ठोकळे रचताना, कुणी बुटाची नाडी बांधताना, कुणी नुसतंच खिडकीत. दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा. कान राहिला, हात अर्धाच आला, तरी पान उलटा. माझी लेक कात्रीनं काही कापायला बसली की तिची जीभ ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. वहीत बाराएक रेखाटनं झाल्यावर लक्षात आलं, जीभ उजवीकडून येते.

"इकडे बघ, हस बघू" असं म्हटल्यावर जो चेहरा मिळतो तो पाहुण्यांसाठीचा असतो. घरातला चेहरा हवा असेल तर मुलाला त्याच्या उद्योगात राहू द्या. डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६५५ मध्ये आपल्या टायटस या मुलाचं केलेलं चित्र रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयात आहे. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, पुढ्यात कागद, हातात लेखणी, अंगठा हनुवटीशी रुतलेला, नजर भलतीकडेच. लिहायला बसलेल्या पोराचं लिहिण्यात लक्ष नाही. बापानं "नीट बस" म्हटल्याची खूण कुठेही नाही. पुढचं मेज मात्र रांगड्या, जाड फटकाऱ्यांत उरकलंय.

मोबाइल बघणारं मूल सगळ्यात स्थिर बसतं, हे खरं. पण पडद्याचा निळसर उजेड खालून येतो, हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात आणि लहानग्याचा चेहरा भुताच्या गोष्टीतला दिसायला लागतो. तो मोह टाळा.

एकच खिडकी

दिवे बंद करा. खोलीत दोन खिडक्या असतील तर एकीवर चादर टाका. मुलाला उघड्या खिडकीपासून हात-दीड हातावर, जरा तिरकं बसवा. उजेड बाजूनं आणि थोडा वरून आला पाहिजे. उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांना उत्तरेची खिडकी सोयीची, कारण तिथे थेट ऊन जवळपास येत नाही आणि उजेड तासन्‌तास तसाच राहतो. तशी खिडकी नसेल तर काचेवर पातळ पांढरं कापड लावा आणि रोज ठरावीक वेळीच बसा.

मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर अर्धा काळोख शोभून दिसतो. मुलांना तो मानवत नाही. सावलीची बाजू चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी होऊ देऊ नका. फारच काळवंडली तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा, गाल लगेच मऊ दिसतो.

फोटो काढा, पण त्याच्यावर सगळं सोपवू नका

चार वर्षांचं मूल समोर बसून दहा मिनिटं देईल, ती पण गोष्ट सांगत राहिलात तर. त्यामुळे फोटो लागणारच. आपलं चुकतं ते फोटो काढण्याच्या पद्धतीत. आपण उभे, मूल खाली, आणि फोन त्याच्या नाकाशी. इतक्या जवळून नाक मोठं येतं, कान मागे पळतात, कपाळ फुगतं. हाच फोटो मापानिशी उतरवला की चित्रातलं मूल ओळखीचं वाटत नाही आणि दोष आपण हाताला देतो. दीड-दोन मीटर मागे सरका, जमिनीवर बसा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा आणि मग झूम करा. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर आणि मागचं धूसर करणारं मोड बंद करा.

एका फोटोवर थांबू नका, एका बैठकीत तीस-चाळीस काढा. मग एक मुख्य निवडा आणि बाकीचे कान कसा, भुवई कशी हे बघायला ठेवा. फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि कातडीचा रंग फोन आपल्या मर्जीनं बदलतो, म्हणून रंग फोटोवरून घ्यायचा नाही. मी एक छोटा पुठ्ठा ठेवते. मूल खिडकीशी असताना कपाळ, गाल, कान, मान आणि गळ्याखालची सावली यांचे रंग मिसळून त्यावर एकेक ठिपका लावते. पाच ठिपके, दहा मिनिटं. पुढचे तीन आठवडे हाच पुठ्ठा फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सामान

फार नको. कॅनव्हास ३० बाय ४० सेंटिमीटरचा घ्या आणि डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत १४-१५ सेंटिमीटरचं ठेवा. खऱ्यापेक्षा हे लहान आहे आणि लहानच हवं. मुलाचं डोकं खऱ्याहून मोठं रंगवलं की त्यातला गोडवा जातो, राक्षसी दिसायला लागतं. रंगांत टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, एक नारिंगीकडे झुकणारा लाल आणि एक गार, किरमिजी लाल. काळा घेऊ नका. अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून जो गडद मिळतो तो केसांना पुरतो. दोन चपटे ब्रश, दोन गोल, एक जुना मऊ ब्रश कडा पुसायला, आणि लिन्सीड म्हणजे जवसाचं तेल.

कॅनव्हासच्या पांढऱ्यावर थेट सुरुवात करू नका. अंबरमध्ये थोडा सिएना घालून पातळ थर द्या, फडक्यानं पुसा आणि सुकू द्या. या मधल्या तपकिरीवर उजेड आणि सावली दोन्हींचा अंदाज बरोबर येतो.

मोजा, कारण मन खोटं सांगतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मोठ्या माणसाच्या डोक्याची उंची निम्मी केली की डोळ्यांची रेघ मिळते. मुलात ही रेघ निम्म्याच्या खाली असते, आणि मूल जितकं लहान तितकी जास्त खाली. वर्षाच्या बाळाचं कपाळ नि टाळू मिळून चेहऱ्यावर छत्रीसारखे वाटतात. कवटी आधी वाढते, जबडा आणि नाक सावकाश मागून येतात. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के आकाराला पोचलेला असतो, खालचा चेहरा मात्र अजून बराच लांबायचा असतो. म्हणून डोळे, नाक आणि तोंड खालच्या अर्ध्यात दाटीनं बसतात. नवशिक्याच्या हातून हे घटक वर सरकतात, कपाळ कमी होतं आणि मूल पंधरा वर्षांचं दिसायला लागतं.

डोळ्यांचं कोडं वेगळं आहे. जन्मताना डोळ्याचा गोळा साधारण १७ मिलिमीटरचा असतो, मोठेपणी २४ च्या आसपास, आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत उरकते. म्हणजे चार वर्षांच्या छोट्या चेहऱ्यात जवळजवळ मोठ्या माणसाचे डोळे बसवलेले असतात. ते मुळातच मोठे दिसतात, त्यांना आणखी मोठं करण्याचं काम आपलं नाही. बुबुळानं पापण्यांमधली बरीच जागा व्यापलेली असते, दोन्ही बाजूंना पांढरं थोडंच दिसतं. ते पांढरं वाढवलं की मूल घाबरल्यासारखं दिसतं.

माप घेण्याची रीत सोपी आहे. हात ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा, आणि टाळू ते डोळे हे अंतर अंगठ्यानं पेन्सिलीवर पकडा. तेच डोळे ते हनुवटी या अंतराशी ताडून बघा. मग दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याच्या रुंदीशी. मग कानाचं वरचं टोक कुठल्या रेषेत येतो ते. मान खाली घातलेली असेल तर हे सगळे नेम बदलतात. टाळू मोठी, नाक ओठाच्या जवळ, कान डोळ्यांपेक्षा वर. इथे पाठांतर सोडा आणि पेन्सिलीवर विश्वास ठेवा.

रेखांकन झालं की ते आरशात बघा आणि मुख्य फोटोही आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटा करून शेजारी ठेवा. फोटोत नसलेला वाकडेपणा चित्रात दिसला की समजा, तो तुमचा आहे. आणखी एक युक्ती मला फार उपयोगी पडली. फोटो आणि कॅनव्हास दोन्ही डोक्यावर उभे करून एक तास काम करायचं. तेव्हा समोर लेक नसते, नुसते उजेड-सावलीचे तुकडे असतात.

डोळे किलकिले करा

पातळ केलेल्या अंबरनं सावलीचे आकार भरून घ्या. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि तीन-चार मोठे आकार उरतात: केस, सावलीकडचा गाल, गळ्याची सावली, मागची भिंत. एवढेच भरा. जिथे उजेड हवा तिथे फडक्यानं रंग पुसून घ्या. भुवया नाही, पापण्या नाही, ओठ नाही. तरीही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून "अरे, हा तर आपलाच" असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पापण्या काढून साम्य येत नाही. लांबून पाठमोरं मूल आपण ओळखतोच की, ते काय पापण्या बघून?

कातडीचा रंग

"स्किन कलर" नावाची ट्यूब असेल तर ती बाजूला ठेवा. कातडी एका रंगाची नसतेच. कपाळावर पिवळसरपणा जास्त, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. गाल, नाकाचा शेंडा आणि कान लालसर, तिथे रक्त भरपूर. हे गोऱ्या कातडीत चटकन दिसतं. सावळ्या कातडीतही असतं, फक्त गुलाबी होण्याऐवजी विटकरी किंवा तांबूस होतं. सावळ्या मुलाला उजळवायला नुसता पांढरा घातला की कातडी राखेरी पडते. आधी ऑकर आणि सिएनानं उजळवा, पांढरा अगदी शेवटी आणि थोडा. खिडकीतून आकाशाचा उजेड पडत असेल तर कपाळावरची चमक किंचित निळसर असते. ती निळसर चकाकी तांबूस कातडीशेजारी ठेवली की कातडी जिवंत होते.

कानाचं स्वतंत्र सांगते. मागून उजेड आला की मुलाचा कान आतून पेटल्यासारखा लाल दिसतो, कारण पातळ कातडीतून आणि रक्तातून उजेड आरपार येतो. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतःच्या मुलीला समोर उभं करून केलेलं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आठवा. हातात समई, ज्योतीला आडोसा धरलेला तळवा, आणि बोटांच्या फटींतून, कडांतून झिरपणारा लाल-केशरी उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. रविवर्म्याचं समजून पुष्कळ जण त्याच्यापुढे उभे राहतात. त्या बोटांचा रंग आणि उन्हातल्या कानाचा रंग यांचं कारण एकच. लाल आणि बर्न्ट सिएना मिसळून, पांढरा जवळजवळ न घालता, कानाच्या कडेला एक टच द्या.

सावलीतला रंग पातळ ठेवा, उजेडातला जाड. आणि थरांचा क्रम पाळा, आधीच्या थरांत तेल कमी, वरच्यांत जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी आखडतो आणि काही वर्षांनी गालावर भेगा दिसतात.

ती रेघ

आता माझी आजीवाली चूक. मुलांच्या चेहऱ्यावर रेघ नसते, वळण असतं. नाकाशेजारून ओठाकडे जाते ती गालाची गोलाई, आणि ती दाखवायला शेजारच्या रंगापेक्षा किंचित गडद रंग पुरतो. इतका किंचित की पॅलेटवर दोन्ही एकच वाटावेत. लावल्यावर कोरड्या मऊ ब्रशनं कडा पुसा. डोळ्यांखालीही हेच. फोटोत तिथे गडद दिसलं तरी निम्मं करा. ओठांना बाहेरून कधी आखू नका. दोन ओठ मिटतात तिथे गडद टच, वरचा ओठ सावलीत, खालच्यावर एक मंद चमक, आणि कोपरे गालात विरलेले. दात दिसत असतील तर ते एक पट्टी म्हणून रंगवा, तीही राखाडीकडे झुकणारी. सुटे सुटे पांढरे दात काढले की कंगवा दिसतो.

भुवयांचे आणि डोक्याचे केस एकेक काढायचे नाहीत. कपाळाला केस भेटतात तिथली कड सगळ्यात मऊ हवी, दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत ओढून घ्या. शेवटी वेगळ्या उडालेल्या दोन-तीन बटा काढल्या की डोकं विंचरल्यासारखं वाटत नाही, हे बहुतेक मुलांच्या बाबतीत खरंच असतं.

कुठे सोडून द्यायचं

फ्लेमिश चित्रकार रुबेन्सनं १६१६ च्या सुमारास आपल्या क्लारा सेरेना या पाचेक वर्षांच्या मुलीचा चेहरा रंगवला. गालांची लाली, नाकाच्या शेंड्यावरचा उजेडाचा ठिपका, समोर रोखलेली नजर, सगळं जीव ओतून केलंय. कॉलर मात्र चार फटकाऱ्यांत आटोपली आणि कपडे जेमतेम सुचवले. पोरगी १६२३ मध्ये बारा वर्षांची असताना गेली. इंग्रज चित्रकार गेन्सबरोनं १७५६ च्या सुमारास आपल्या दोन मुली फुलपाखरामागे धावताना रंगवल्या, ते चित्रही अर्धवटच राहिलंय आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत तसंच टांगलंय. फ्रॉकवरची नक्षी किंवा मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर रंगवायला बसलात तर चेहऱ्याइतकंच लक्ष ते मागतं. आपण मुलाकडे बघतो तेव्हा फ्रॉक कुठला होता ते आठवतही नाही. डोळे आणि तोंड पूर्ण करा, गाल त्याहून कमी, बाकी सुचवा.

मूल थांबत नाही

दुसऱ्या चित्राच्या वेळी मी शहाणी झाले होते, पण चौथ्या आठवड्यात लेकीचा वरचा दात पडला. ओठांची ठेवण बदलली, हसणं बदललं, बोलताना फट झाकायला ती ओठ आत ओढायला लागली. जुना दात ठेवायचा की फट रंगवायची, यावर मी आठवडाभर घोळ घातला. शेवटी तोंड खरवडून मिटलेलं रंगवलं, आणि पळवाट काढल्याची टोचणी अजून आहे. म्हणून सुरुवातीलाच मुदत घाला, तीन आठवडे, फार तर चार. मधेच केस कापले, दात पडला, गुडघा फुटला, तरी ठरलेल्या दिवशीचंच मूल रंगवा. नवं मूल नव्या कॅनव्हासवर.

मूल खोलीत असताना

यात हयगय नको. लेड व्हाइट, म्हणजे शिशापासून केलेला विषारी पांढरा, घरात आणूच नका. कॅडमियमचे रंग ट्यूबमधून वापरायला हरकत नाही, पण सुकलेला थर घासून धूळ उडवू नका. टर्पेंटाइनची वाफ लहान मुलांच्या खोलीत नको. मूल समोर बसणार त्या दिवशी फक्त तेल वापरा आणि ब्रश नंतर साबणानं धुवा. लिन्सीड तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल सुकताना उष्णता निघते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

झाल्यावर

चित्र भिंतीवर लावण्याआधी मुलाला विचारा. पाच वर्षांच्या मुलालाही मत असतं, आणि झोपेत काढलेलं, नाक वाहणारं किंवा रडवेलं चित्र पाहुण्यांसमोर नको असं ते म्हणालं तर ते कपाटात जाईल. माझ्याकडे अशी दोन आहेत. कुठे ऑनलाइन टाकायचं असेल तर परत वेगळं विचारा, कारण भिंतीवरून चित्र उतरवता येतं, तिथून नाही.

व्हार्निशची घाई करू नका. रंग वरून कोरडा लागला तरी आतून सुकायला वेळ घेतो, पातळ चित्राला सहा महिने, जाडाला वर्ष धरा. तोवर ते उन्हाच्या झोतात किंवा बंद अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, अंधारात तेल पिवळं पडतं. कॅनव्हासच्या मागे, कापडावर नाही तर लाकडी चौकटीवर, मुलाचं नाव, वय आणि तारीख पेन्सिलीनं लिहा. आजीवाल्या चित्राच्या मागे लेकीनं स्वतःच लिहिलंय. वयाचा सहा तिनं उलटा काढलाय, तो मी खोडलेला नाही.